विनी कॉस्टिगन आणि अकरावं प्रकरण

विनी कॉस्टिगनला नॉकार्डाच्या हवेलीत काम मिळालं ते तिच्या अक्षरामुळे. जनरल सर युस्टेस हॅवरेल यांना आत्मचरित्र लिहायचं होतं आणि नेमका त्याच वेळी डोळ्यांनी दगा दिला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस आहे एवढं कळे, कोण आहे ते कळत नसे. डब्लिनच्या डॉक्टरनं तपासलं आणि या वयात, या हृदयाला, शस्त्रक्रिया झेपणार नाही असं सांगून तो दुपारच्या गाडीनं परत गेला. मग लेखनिकाचा शोध सुरू झाला. आधी पाद्रीबुवांचा पुतण्या आला. जनरलसाहेब त्याच्यावर इतके ओरडले की तो आठव्या दिवशी छत्री तिथंच विसरून पळाला.

जनरलची मुलगी मिस अ‍ॅडलेड घराचा कारभार बघायची. तिनं गावच्या शाळामास्तरांना चिठ्ठी पाठवली : आपल्या मुलीचं अक्षर चांगलं असल्याचं ऐकलं आहे.

मास्तर कॉस्टिगननी चिठ्ठी दोनदा वाचली आणि चहाच्या कपाखाली ठेवली.

"दोनशे वर्षं आमच्या डोक्यावर बसले," ते म्हणाले. "आता त्याची कहाणीसुद्धा आमच्याच हातानं लिहून हवी यांना."

"मग काय पायानं लिहू देताय?" विनीची आई चुलीपासून न वळता म्हणाली. "पोर बावीस वर्षांची झाली. शाळेतली जागा फादरच्या भाचीला गेली. घरी बसून बटाटेच सोलायचे का तिनं?"

 विनीला जायचं होतं. हवेलीबद्दल तिला प्रेम नव्हतं आणि राग यायलाही तिनं ते घर कधी आतून पाहिलं नव्हतं. लिहायचं काम आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

हे १८९३ सालच्या मार्चमधलं. आयर्लंडला स्वतःचं राज्य द्यावं की नाही यावर लंडनच्या पार्लमेंटात तेव्हा रणकंदन चाललं होतं, आणि टिपररी परगण्यात चर्चमधून निघालेली माणसं पाऊण तास भिंतीला टेकून तेच बोलत उभी राहायची. हॅवरेल घराणं अर्थातच विरोधात. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच शिरस्ता : थोरल्यानं राजकारण करायचं, धाकट्यानं फौजेत जायचं. तिसरा असलाच तर त्याला चर्चमध्ये घालत. जिन्याच्या भिंतीवर सगळ्यांची चित्रं होती, एकाचा हात कागदावर तर दुसऱ्याचा तलवारीवर, आणि धर्मोपदेशक झालेले तिसरे वळणावर, जिथं उजेड पोचत नसे. सध्याचे थोरले म्हणजे लॉर्ड किल्मॉयल. ते लंडनला उमरावांच्या सभागृहात बसत आणि शिकारीच्या मोसमापुरते घरी येत. युस्टेससाहेब धाकटे. हिंदुस्थानात, इजिप्तमध्ये आणि अफगाण डोंगरांत चाळीस वर्षं काढून आता थोरल्या भावाच्या घराची राखण करत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी विनीला नाव विचारलं नाही.

"शुद्धलेखन येतं?"

"येतं, साहेब."

"मी ओरडलो तर रडणार?"

"माझे वडील मास्तर आहेत, साहेब. मला ओरडण्याची सवय आहे."

जनरलनी मान तिच्या दिशेनं वळवली. "मग लिहा. प्रकरण पहिलं."

रोज दहा ते एक असं काम चाले. ते खुर्चीत ताठ बसून सांगत, ती खिडकीजवळच्या मेजावर लिही. संध्याकाळी घरी नेऊन त्याची स्वच्छ प्रत करी. जनरल चांगलं सांगत. वाक्यं लहान असत, घोड्यांची नावं न चुकता येत, बायकोच्या मृत्यूला मात्र दीड ओळ मिळाली. विनीला वाटलं होतं तसं ते ओरडले नाहीत. म्हणजे ओरडत, पण नोकरांवर, दारांवर, कुत्र्यावर. मे महिन्यापासून ते तिला मिस कॉस्टिगन म्हणू लागले.

हवेलीच्या फाटकावर बॅटी स्कली राहायचा. हा जनरलच्याच पलटणीतला जुना शिपाई. डाव्या हाताची दोन बोटं लढाईत गेलेली, उरलेल्या तिन्हींनी तो पाइप भरायचा, फाटक उघडायचा आणि माशा मारायचा. पाऊस आला की विनी त्याच्या खोलीत थांबे. तो काळाकुट्ट चहा देई आणि आज कुठवर आलात ते विचारी.

"अफगाणिस्तानात पोचलो," जूनमध्ये एकदा ती म्हणाली.

"अस्सं? मग आता खिंड येणार." बॅटीनं पाइप तोंडातून काढला. "टेकडीचं काय सांगितलंय त्यांनी?"

टेकडीची गोष्ट सगळ्या परगण्याला ठाऊक होती. पलटण तोफा आणि जखमी घेऊन खिंडीतून मागे येत होती. वाटेच्या डोक्यावर एक टेकडी. ती शत्रूच्या हाती गेली असती तर खाली कोणी वाचलं नसतं. तेव्हाच्या कर्नल हॅवरेलनी ती शेवटपर्यंत राखायला लावली, तोफा सुखरूप आल्या, राणीनं त्यांना 'सर' केलं.

"अजून सांगितलं नाही. पण सगळ्यांना माहीतच आहे की."

"सगळ्यांना!" बॅटी इतका हसला की त्याला ठसका लागला. "पोरी, मी होतो त्या टेकडीवर. कर्नलनी खाली उतरायचा हुकूम दिला होता. तीनदा बिगूल वाजलं. आमचा सार्जंट होता कॉर्नी लॅनिगन. तो म्हणाला, 'कानात वारं भरलंय रे माझ्या, काही ऐकू येत नाही. तुम्हाला येतंय का?' आम्ही एकोणीस जण. सगळ्यांच्या कानात एकाच वेळी वारं भरलं."

"मग?"

"मग काय, बसलो तिथंच. आठ जण तिथंच राहिले, कायमचे. माझी बोटंही तिथंच आहेत. तोफा गेल्या खालून."

"आणि सार्जंटला काय मिळालं?"

"काय देणार? बक्षीस द्यायचं तर हुकूम मोडला हे सांगावं लागतं. शिक्षा द्यायची तरी तेच सांगावं लागतं. त्याला गुपचूप घरी पाठवला. पुढं दारूच्या नादी लागला, शेवटी निराधारांच्या सरकारी गरीबखान्यात मेला. तीन वर्षं झाली. इथून बारा मैलांवर."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"फाटकावर राहतो मी," बॅटी म्हणाला. "फाटक त्यांचं आहे."

विनी घरी गेली आणि हे कोणालाच बोलली नाही. वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं. तिला बॅटीची खोली दिसत होती, स्वतःची नोकरीही दिसत होती. लिहिणाऱ्याचं काम लिहायचं, असं तिनं स्वतःला अकरा दिवस समजावलं.

बाराव्या दिवशी अकरावं प्रकरण सुरू झालं. जनरल नेहमीसारखे ताठ बसले होते. खिंड, बर्फ, उंटांच्या पायांना बांधलेली पोती, सगळं नीट सांगून झालं. मग म्हणाले, "त्या टेकडीचं महत्त्व ओळखून मी ती कोणत्याही परिस्थितीत राखण्याचा हुकूम दिला."

विनीचा टाक थांबला. नजर गेल्यापासून जनरलचे कान तिखट झाले होते.

"टाकाचा आवाज बंद झाला, मिस कॉस्टिगन."

"हो, साहेब."

"शाई संपली?"

"नाही, साहेब."

"मग?"

 विचारलंच आहे तर खोटं कशाला बोलायचं, असं तिला वाटलं. "साहेब, मी वेगळं ऐकलंय."

"कोणाकडून?"

तिनं नाव सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. त्या टेकडीवरून परत आलेला एकच माणूस त्या परगण्यात जिवंत होता. जनरलनी खिडकीच्या उजेडाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "आज इतकंच."

परत जाताना ती फाटकाशी थांबली आणि बॅटीला सगळं सांगून टाकलं. तो पांढराफटक पडला.

"माझं नाव घेतलंस?"

"नाही. पण त्यांना कळलं."

"शाबास. आता म्हातारपणी कुठं जाऊ मी? तुझ्या घरी? मास्तरांच्या मांडीवर बसू?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता विनी गेली तेव्हा बॅटी ग्रंथालयात उभा होता. टोपी हातात, जुना लष्करी कोट अंगावर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"बसा, मिस कॉस्टिगन," जनरल म्हणाले. "स्कली, बिगूल किती वेळा वाजलं?"

"कोणतं बिगूल, सर?"

"तुला माहीत आहे कोणतं ते."

बॅटीनं विनीकडे पाहिलं, मग छताकडे. "तीनदा, सर."

"मला चारदा आठवतंय."

"चौथं धरायचं नाही, सर. तो पोरगा घाबरून आपला फुंकत सुटला होता."

जनरलच्या चेहऱ्यावर हसू आलं की काय, ते विनीला नीट सांगता आलं नसतं. "तुम्हाला ऐकू आलं होतं."

"वारं फार होतं, सर."

"स्कली."

"आलं होतं, सर. स्वच्छ आलं होतं."

"लॅनिगन आता कुठं आहे?"

"मेला, सर. इथल्या गरीबखान्यात."

"इथल्या?"

"बारा मैलांवर, सर."

 कुत्रा उठून जनरलच्या पायाशी येऊन पडला तरी त्यांचा हात हलला नाही. मग त्यांनी बॅटीला जायला सांगितलं आणि म्हणाले, "कालचं पान फाडा. लिहा. 'टेकडी सोडण्याचा हुकूम मी दिला. तो हुकूम चुकीचा होता.'"

अकरावं प्रकरण पुरं व्हायला तीन आठवडे लागले. बाकीची प्रकरणं आठ-आठ दिवसांत झाली होती. ते एक वाक्य सांगत, खोडायला लावत, पुन्हा तेच सांगत. लॅनिगनचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी स्पेलिंग विचारलं. विनीला नवल वाटलं. चौदा वर्षं हा माणूस त्यांच्या मनात होता हे उघड होतं. पण त्याचं नाव कसं लिहितात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरात लॉर्ड किल्मॉयल यांचा मुलगा, जनरलचा पुतण्या लायोनेल, शिकारीला आला. बत्तीस वर्षांचा, गोड बोलणारा. आयर्लंडच्या या भागात त्यांच्या पक्षाला कोणी उभं करत नव्हतं, म्हणून इंग्लंडात एका मतदारसंघातून त्याला पार्लमेंटात जायचं होतं. तिथल्या सभांत तो काकांची टेकडी सांगत असे आणि टाळ्या पडत. त्यानं हस्तलिखित वाचलं आणि दुसऱ्या दिवशी विनीला व्हरांड्यात गाठलं.

"मिस कॉस्टिगन, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. म्हणूनच काळजी वाटते. इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेलं लोक खरं मानतात."

"ते खरंच आहे, साहेब."

"काका म्हातारे झालेत. म्हातारपणी माणसाला कबुलीजबाब द्यावासा वाटतो. तुमच्या कॅथलिक पंथात त्याला जागा आहे, पाद्री ऐकतो आणि गप्प बसतो. आम्हा प्रोटेस्टंटांत ती सोय नाही." तो हसला. "ते प्रकरण जुन्या पद्धतीनं पुन्हा लिहाल?"

"जनरलसाहेब सांगतील ते लिहीन."

"आणि ते गेल्यावर?"

"तेव्हा माझी नोकरीच नसेल, साहेब."

लायोनेल रागावला नाही. तो रागावणाऱ्यांपैकी नव्हता. पण त्यानं काय विचारलं ते विनीनं जनरलच्या कानावर घातलं. त्यांनी नुसतं "हं" केलं. पंधरा दिवसांनी त्यांनी एक वेगळा कागद लिहून घेतला. टेकडी सार्जंट कॉर्नेलियस लॅनिगन यानं, माझ्या हुकमाविरुद्ध आणि स्वतःच्या अकलेनं राखली; पलटणीचा जीव त्यानं वाचवला, असं त्यात होतं. विनीनं त्यांचं बोट कागदावर योग्य जागी टेकवलं आणि त्यांनी सही केली. सही तिरपी गेली.

"त्याचं कोणी आहे का?"

"एक बहीण आहे, असं स्कली म्हणतो. धुणी धुते."

"तिला नेऊन द्या. टपालानं नको."

बॅटीनं गाढवगाडी मागून आणली. बारा मैलांत तो तीनच वाक्यं बोलला, त्यातली दोन गाढवाला उद्देशून होती. लॅनिगनची बहीण मिसेस हाफर्टी नदीकाठच्या एका खोलीच्या घरात राहायची. दंडापर्यंत लाल झालेले हात, भोवती दुसऱ्यांच्या चादरी वाळत टाकलेल्या. तिला वाचता येत नव्हतं. विनीनं उभ्यानंच कागद वाचून दाखवला.

मिसेस हाफर्टी म्हणाली, "परत वाच."

विनीनं पुन्हा वाचला.

"म्हणजे कॉर्नी खोटं बोलत नव्हता."

"नाही, मावशी," बॅटी म्हणाला. "मी होतो तिथं."

"रोज संध्याकाळी तेच सांगायचा. टेकडी, टेकडी. पिऊन यायचा आणि पोरांना रांगेत उभं करून टेकडी सांगायचा. नवरा म्हणाला, हा गावभर आपली शोभा करतोय. लोक हसायचे. मी त्याला म्हटलं, कॉर्नी, एक तर हे खोटं बंद कर नाही तर दुसरं घर बघ." तिनं हात पदरासारख्या बांधलेल्या फडक्याला पुसले, ते कोरडेच होते. "त्यानं बंद केलं नाही. मग मीच बाहेर काढला. तिथून तो गरीबखान्यात गेला."

 बाहेर चादरी फडफडत होत्या.

"तू होतास तिथं," ती बॅटीला म्हणाली. "बारा मैलांवर होतास. एकदा येऊन सांगता आलं नाही तुला?"

बॅटी टोपीकडे बघत राहिला. विनीला आठवत होतं, फाटक त्यांचं आहे असं तो म्हणाला होता. इथं ते त्यानं म्हटलं नाही.

मिसेस हाफर्टीनं कागद घडी करून येशूच्या तसबिरीमागे खोचला. निघताना तिनं विनीच्या हातात फडक्यात बांधलेली सहा अंडी दिली. रिकाम्या हातानं पाठवायची पद्धत नव्हती म्हणून दिली, तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. बॅटीला काही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जनरलनी विचारलं, "काय म्हणाली?"

सगळं सांगायचं विनीनं रात्रीच ठरवलं होतं. पण त्या पांढुरक्या डोळ्यांकडे बघितल्यावर तिनं थोडंच सांगितलं. "कागद ठेवून घेतला, साहेब. आणि अंडी दिली."

"मला?"

"नाही, साहेब. मला."

"बरोबर आहे," जनरल म्हणाले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. तिनं काय वगळलं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं असावं, असं विनी पुढं म्हणत असे; पण खात्रीनं नाही.

जनरल १८९५ च्या फेब्रुवारीत वारले. उन्हाळ्यात निवडणूक झाली आणि लायोनेल पार्लमेंटात गेला. पुढच्या वर्षी आत्मचरित्र छापून आलं, हिरव्या कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांत. एक प्रत विनीला पोचली. प्रस्तावनेत 'स्वच्छ प्रत करणाऱ्या तरुणीचे' आभार होते, नाव नव्हतं. तिनं अकरावं प्रकरण काढलं. राखण्याचा हुकूम दिलेला होता, टेकडी राखलेली होती. लॅनिगन कुठेच नव्हता. तिनं लायोनेलला एक पत्र लिहिलं : पान दोनशे चौदावर चूक राहिली आहे. चिटणिसाचं उत्तर आलं की सूचनेचा विचार दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी होईल. दुसरी आवृत्ती निघाली नाही.

मास्तर कॉस्टिगनना आता सगळं कळलं होतं आणि ते भडकले होते.

"तुझ्याकडे कच्च्या वह्या आहेत. दे वर्तमानपत्राला. एका आठवड्यात तो लायोनेल तोंड लपवत फिरेल."

"आणि मिसेस हाफर्टी?" विनी म्हणाली. "तिनं भावाला बाहेर काढलं, हेही छापतील."

"ते कशाला छापतील?"

"तुम्हीच म्हणता ना बाबा, वर्तमानपत्रवाले सगळं शोधून काढतात."

वह्या पेटीतच राहिल्या. तिनं बरं केलं की वाईट, यावर बापलेकीचं शेवटपर्यंत जमलं नाही. दोन वर्षांनी तिला शेजारच्या गावी शाळेत जागा मिळाली. लग्न उशिरा झालं, लोणी-कारखान्याच्या व्यवस्थापकाशी, ह्यूबर्ट स्लॅटरीशी. विधुर, अबोल, जेवणाआधी दर वेळी हात धुणारा. त्यांचं बरं चाललं. बॅटी स्कली फाटकावरच मेला. कागद पोचवला त्या वर्षानंतर, मरेपर्यंत, दर ऑक्टोबरात तो गाढवगाडी मागून घेऊन नदीकाठी जाई. मिसेस हाफर्टीनं त्याला आत घेतलं का, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि विनीनं विचारलं नाही.

मग महायुद्ध झालं. लायोनेल तोवर लॉर्ड किल्मॉयल झाला होता. त्याचा एकुलता मुलगा फ्रान्समध्ये पडला. मागोमाग इथली लढाई आली, इंग्रज फौजा गेल्या, नवं सरकार आलं. त्या धामधुमीत जमीनदारांच्या कितीतरी हवेल्या जळाल्या, पण नॉकार्डाला कोणी आग लावली नाही. काही जण म्हणत जनरल बरे होते म्हणून, काही म्हणत कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. १९२३ मध्ये लायोनेलनं इंग्लंडहून पत्रानंच घर मोडायला काढलं.

लिलावाच्या दिवशी विनी बघायला गेली. शेतकरी लोक गालिच्यावर चिखलाचे बूट घेऊन फिरत होते आणि चित्रांतल्या माणसांची टिंगल करत होते. बागेत, स्वयंपाकघरातल्या एका खुर्चीवर, मिस अ‍ॅडलेड बसली होती. केस पांढरे, मांडीवर हातपिशवी. इंग्लंडात चेल्टनमला एका चुलत बहिणीकडे जायची होती. नोकरचाकर आदल्या दिवशीच गेले होते.

"मिस कॉस्टिगन," ती म्हणाली. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेलीच नव्हती अशा सुरात.

"आता मिसेस स्लॅटरी, बाईसाहेब."

"हो, हो. ऐकलं होतं मी." तिनं पिशवीचा बंद उघडला, लावला. "मला एक विचारायचं आहे. हसू नका. आगगाडीचं तिकीट कुठं मागायचं असतं? आत बसल्यावर, की आधी?"

विनीला हसू आलं नाही. "आधी. खिडकी असते. चला, मी येते."

दोघी कारखान्याच्या दुधाच्या गाडीत बसून स्टेशनला गेल्या, दोन रिकाम्या कॅनच्या मध्ये. खिडकीपाशी मिस अ‍ॅडलेडला परतीचंही काढायचं का असं स्टेशनमास्तरनं विचारलं. तिला प्रश्न कळला नाही.

"एकाच बाजूचं," विनी म्हणाली.

गाडी वेळेवर आली. विनीनं ट्रंक चढवायला हमाल बघितला, बोट गाठायला कुठं उतरायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मिस अ‍ॅडलेडनं तो कागद डोळ्यांजवळ धरला.

"किती वाचायला सोपं आहे," ती म्हणाली आणि डब्यात चढली.

गाडी सुटल्यावर विनी दुधाच्या गाडीत येऊन बसली. संध्याकाळचं दूध यायची वेळ झाली होती आणि गाडीवानाला उशीर होत होता.